शेजारच्या माशाचा उपास

शेजारी नागपूरला जाताना त्यांचा मासा आमच्याकडे ठेवून गेले. नवरा-बायकोला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का मारून आणायचा होता, नऊ वर्षांची मुलगी बरोबर जाणार होती, आणि तीन आठवड्यांत सगळे इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला परत येणार होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी काचेची टाकी, फिल्टर, पाण्यात घालायच्या औषधाच्या बाटल्या आणि झाकणाच्या बादलीत मासा, असा सगळा संसार आमच्या जेवणाच्या खोलीत आणून मांडला. मासा एकच. गोल पोटाचा, दुहेरी शेपटीचा गोल्डफिश. एका डोळ्याखाली काळा डाग होता, काजळ घालताना कोणाचा तरी हात हलल्यासारखा.

मुलीने मला दोन डबे दाखवले. "फ्लेक्स इन द मॉर्निंग, पेलेट्स इन द इव्हनिंग. जस्ट अ पिंच, मावशी." मग चिमूट म्हणजे किती तेही दाखवलं, कारण मोठ्या माणसांच्या बोटांवर तिचा विश्वास नव्हता. "प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण काहीही कबूल करतो.

पुढे काय झालं ते इथल्या मराठी माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. वकिलातीत मुलाखत झाली. पासपोर्ट ठेवून घेतले. आणखी तपासणी चालू आहे असं कळलं. ती कधी संपेल, याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं ते देत नव्हते, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते सगळे व्हॉट्सॲपवर भरभरून देत होते. मुलगी इथे जन्मलेली. तिला कधीही परत येता आलं असतं, तिच्या आईवडिलांना नाही. नऊ वर्षांच्या मुलीला असल्या हक्काचा काय उपयोग? तिला तिथल्या एका शाळेत "तात्पुरतं" घातलं.

रोज आमच्या सकाळी, म्हणजे त्यांची रात्रीची जेवणं उरकल्यावर, फोन येई. मुलगी मला कशी आहेस वगैरे विचारत नसे. "कॅन आय सी हिम?" मी फोन टाकीसमोर धरायची. ती बघत राहायची. मागून तिच्या आईचा आवाज यायचा, "ताई, अजून काहीच कळलेलं नाही हो." तिचं घर, तिची शाळा, तिची सायकल, सगळं इथे होतं आणि त्यातलं काहीच तिला दिसत नव्हतं. दिसत होता तो एवढा मासा. तो हलत होता तोवर इथलं सगळं जागच्या जागी आहे असा तिने हिशोब बांधला असावा. मला तसं कोणी सांगितलं नाही. पण एका सकाळी मासा रोपट्यामागे गेला आणि दिसेना, तेव्हा पडद्यावरचा तिचा चेहरा मी पाहिला.

तेव्हापासून मला त्या माशाची भीती वाटायला लागली. जिना उतरताना माझी पहिली नजर पाण्याच्या पृष्ठभागाकडे जाई. एखादा गोल्डफिश मेला तर जगाचं काय बिघडतं, असा सुज्ञ विचार मी चहा झाल्यावर करू शकत असे. चहाआधी नाही.

आणि मासा बिघडायला लागला. संध्याकाळचे दाणे खाल्ले की त्याची शेपटी वर आणि तोंड खाली. थोडा वेळ तसाच तरंगायचा, मग सरळ व्हायचा. हळूहळू ते सरळ होणं लांबत गेलं. डब्यावर सोनेरी अक्षरांत "संपूर्ण आणि संतुलित आहार" असं छापलं होतं. संपूर्ण हा शब्द जिथे सोनेरी अक्षरांत दिसतो तिथे मी जरा सावध होते. मी वाचायला बसले. मासे पाळणाऱ्यांचे इंटरनेटवरचे वाद वाचले तर धर्मपंडित फारच समजूतदार वाटतील. पण सगळ्या भांडणातून एवढं निघालं की गोल्डफिशला जठर नावाची पिशवीच नसते, नुसतं लांबलचक आतडं. रोज तेच कोरडं खाणं पाण्यात फुगतं आणि तिथे अडकतं. त्याला पालाभाजी हवी, मऊ काहीतरी हवं, अधूनमधून पाण्यातले बारीक जीव हवेत. एकाच डब्यावर कोणी आयुष्य काढू नये.

याच सुमारास मराठी मंडळाचा एक कार्यक्रम झाला आणि तिथे मंडळाचे एक माजी अध्यक्ष भेटले. माजी हा शब्द ते पदवीसारखा लावतात. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर टाकी आहे. मी विषय काढायची खोटी.

"वहिनी, मासा पाळणं म्हणजे शोभा नव्हे, न्यूट्रिशन ही एक फिलॉसॉफी आहे," हातातला बटाटेवडा माझ्याकडे रोखून ते म्हणाले. "व्हरायटी! आमच्याकडे सोमवारी पालक, मंगळवारी कोळंबी, बुधवारी सोललेला मटार. पेलेट्स द्यायचे तर आधी भिजवून. आणि आठवड्यातून एक दिवस कडक उपास. नो एक्सेप्शन्स."

त्यांच्या घरी पाहुण्यांना वर्षानुवर्षं एकच चिवडा मिळतो. पण माणूस बरोबर बोलत होता, हे मला आजही खटकतं.

मी पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढलं आणि काचेला चिमट्याने लावलं. काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी बुडवली. मटार उकडून, साल काढून, त्याचे कण केले. माशाने मटार तोंडात घेतला आणि थुंकला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. "तुझ्या हातचा नवा पदार्थ पहिल्यांदा सगळेच असा खातात," नवरा म्हणाला. मला हसू आलं नाही. जो मासा मला सांभाळायला दिला होता तो माझ्यासमोर अन्न नाकारत होता, आणि दुसऱ्या सकाळी फोन येणार होता.

मग मी दुकानातून गोठवलेले बारीक झिंगे आणले. नखाएवढ्या वड्यांचं पाकीट असतं, एक वडी वितळवून घालायची. तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आमचं घर शाकाहारी. माझं सवयीने, त्यांचं निष्ठेने.

"हे आपल्या फ्रीजरमध्ये? खवलेल्या नारळाशेजारी?"

"पाकीट बंद डब्यात आहे, आई."

"डबा बंद आहे. माझे डोळे उघडे आहेत."

तेव्हा पाकीट शेजारच्या घरात गेलं. झाडांना पाणी घालायला त्यांची किल्ली माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी मी बशी घेऊन त्या रिकाम्या घरात जायची. दाराशी मुलीचे गमबूट, एक उभा आणि एक आडवा. स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर. ओट्यावर परत आल्यावर करायच्या कामांसाठी ठेवलेला ड्रिल. मी वडी घ्यायची आणि निघायची, चोरासारखी, मागे न बघता. ज्या घरातली माणसं सुट्टीवर गेलीत ते घर आणि ज्या घरातली माणसं परत येतील की नाही ते ठाऊक नाही ते घर, दोन्ही दिसायला सारखीच असतात. माझ्याच पाठीला तेवढा फरक कळायचा.

पण झिंगे माशाला आवडले. त्यांच्या वासाने मटारही चालला, मग पालकही. संध्याकाळी मी दारातून बशी घेऊन आले की तो काचेशी येऊन थांबायचा. एका सकाळी त्याने फोनसमोर पालकाचं पान चिमट्यातून खेचून काढलं आणि ते तोंडात धरून मागे मागे गेला, आणि नागपुरात मुलगी हसली. मागे तिच्या आईने हातातलं काम ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला वेगळा फोन केला. "ताई, ती हल्ली नीट जेवते. जेवण संपवलं की मासा बघायला मिळतो, असं ठरवलंय आम्ही."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाली धास्ती. आता त्या मुलीचं जेवणही माझ्या काचेच्या टाकीत आलं होतं.

भीती वाटायला लागली की माणूस ताटात जास्त वाढतो. मीही वाढत गेले. एका रविवारी वडीवर वडी झाली आणि सोमवारी माशाचं पोट टणक दिसलं. फार नाही, पण मी आता त्याचं पोट ओळखत होते. माजी अध्यक्षांचा कडक उपास आठवला. ऑफिसला निघताना मी घरात जाहीर केलं, "आज आणि उद्या त्याला काही द्यायचं नाही. उपास आहे त्याचा."

संध्याकाळी परत आले तर पाणी तांदळाच्या पेजेसारखं. मासा वरती एका कुशीवर तरंगत होता, चेंडूसारखा फुगलेला, आणि वरच्या बाजूचा कल्ला उघडमीट करत होता. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या कधीच्या बसल्या होत्या कोण जाणे, दिवाही लावला नव्हता.

"आई, काय दिलंत त्याला?"

"काही नाही गं. उपासाचंच दिलं."

नवरा माझ्या मागोमाग आत आला होता. "उपासाचं म्हणजे?"

"साबुदाणा. चांगला भिजलेला, मऊ. तिखट नाही, मीठ नाही, दाण्याचं कूट नाही. नुसता."

"अगं आई, उपास म्हणजे उपाशी ठेवायचं होतं!"

"तुझ्या आजीपासून बघतेय मी, आपल्या घरात उपासाला कोणी उपाशी राहिलेलं नाही." मग आवाज उतरला. "तोंड वासून काचेशी येत होता रे सारखा. तुम्ही दोघं ऑफिसात. मला बघवेना. दाणा टाकला की खायचा, म्हणून मी आपली टाकत गेले."

गोल्डफिशला पुरे कळत नाही. पुढ्यात आहे तोवर तो खातो. आणि साबुदाणा आणखी फुगतो, ते आमच्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती. खिचडीला तो किती वेळ भिजवायचा यावर सासूबाईंनी मला लग्नानंतर वर्षभर शिकवलं होतं.

नवऱ्याने नळीने अर्धं पाणी काढलं, मी जाळीने तळातले चिकट दाणे उचलले. पाणी तपासायची पट्टी बुडवली तर ज्या रंगाची भीती होती तोच आला, पाणी विषारी झाल्याचा. औषध घालून नवं पाणी भरलं. मासा प्रवाहाबरोबर वाहत फिल्टरपर्यंत गेला आणि तिथेच काचेला टेकला.

"पेट स्टोअरमध्ये असा दुसरा मिळेल," नवरा हळूच म्हणाला.

"आणि डोळ्याखालचा डाग?"

"वाढत्या वयात जातात म्हणू."

"काही एक म्हणायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्या पोरीला फसवायचं नाही. आधीच कोणी तिला धड काही सांगत नाहीये." त्या रात्री जेवल्या नाहीत. "माझ्या हातून जीव गेला तर..." एवढंच दोनदा म्हणाल्या आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी माजी अध्यक्षांना फोन लावला. "साबुदाणा, वहिनी, माझ्या वाचनात कुठे आलेला नाही," सगळं ऐकून ते म्हणाले. "एक-दोन दिवस खरंच काही देऊ नका. पाणी बदलत राहा, जरा कोमट ठेवा. मग सोललेला मटार. पुढे काय होतं ते मला माहीत नाही." या माणसाला मी इतक्या वर्षांत माहीत नाही म्हणताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला आणि मी उचलला नाही. ऑफिसची घाई आहे असा मेसेज टाकला. त्याच्या पुढच्या सकाळीही तो वाजत राहिला. मी ओट्याला टेकून उभी होते, टाकीकडे पाठ करून. घंटा थांबल्यावर मागे वळले. मासा तसाच होता. कल्ला हलत होता. खवले उभे राहिलेत का ते मी बघितलं, कारण खवले पिंजारले की संपलं असं वाचलं होतं. राहिले नव्हते. पण मी इतक्या वेळा बघत होते की आपल्याला दिसतंय तेच आहे का, याचीही खात्री वाटेना.

तिसऱ्या सकाळी मी घरूनच काम करणार होते. फोन माझ्या हातात होता, पण वाजला तो सासूबाईंचा टॅब्लेट. मुलीने थेट त्यांनाच लावला होता, आणि मी पोचायच्या आत सासूबाईंनी उचललासुद्धा.

"अगं बाळा, त्याचं पोट बिघडलंय. माझ्यामुळे. मी त्याला नको ते खायला घातलं."

पडद्यावरची मुलगी उठून बसली.

"तुझी मावशी औषधपाणी करतेय. दोन दिवस ती तुझा फोन घेत नाही, ती रागावली नाहीये हं. घाबरलीय."

"कॅन आय सी हिम?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी टॅब्लेट वळवला. मुलीने चेहरा इतका जवळ आणला की पडद्यावर नुसतं कपाळ आणि डोळे उरले.

"मावशी, इज ही डाइंग?"

धीर देणारी सगळी वाक्यं तयार होती. गेले काही महिने तिच्या घरातली मोठी माणसं तिला तीच देत असणार. होईल गं सगळं नीट. पुढच्या आठवड्यात कळेल.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. "कॅन यू जस्ट लीव्ह मी ऑन?"

सासूबाईंनी टॅब्लेट साखरेच्या बरणीला टेकवून टाकीसमोर उभा केला. तिकडे रात्र झाली होती. मुलगी उशीवर आडवी झाली, फोन भिंतीला लावून, आणि बघत राहिली. तिची आई पलंगाच्या कडेला बसली होती. दोन घरांतल्या फिल्टरचा आणि पंख्याचा आवाज एकमेकांत मिसळत होता.

मी मटार उकडला, साल काढली, एका दाण्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे केले. मासा आडवा, त्याला काही पोचेना. शेवटी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि बोटाच्या टोकावरची कणी त्याच्या तोंडासमोर धरली. पाणी कोमट होतं. त्याचं तोंड बोटाला लागलं, मऊ, ओठांसारखं. कणी आत गेली. आणि बाहेर आली.

"थुंकला?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

पुन्हा धरली. त्याने बराच वेळ काही केलं नाही. मग पुन्हा घेतली. मी वाट बघितली. बाहेर आली नाही.

"गिळली?"

"बहुतेक."

पडद्यावरून कुजबुज आली. "ताई, ती झोपलीय. उठवू का?" मुलगी उशीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या आईचा हात तिच्या खांद्याजवळ थांबला होता, माझ्या उत्तरासाठी. उठवावं तर मासा अजून आडवाच होता, आणि तिने डोळे उघडल्या क्षणी तो गेला तर? न उठवावं तर सकाळी ती विचारणार, मी बघत नव्हते तेव्हाच का खाल्लं त्याने? माझा हात अजून पाण्यातच होता.

"उठव," सासूबाईंनी माझ्या वतीने सांगितलं. "काय असेल ते बघू दे तिला."

मुलगी उठली, डोळे चोळले. मी आणखी एक कणी बोटावर घेतली. माशाने ती घेतली. त्याची शेपटी एकदा हलली, कूस अर्धी वळली, आणि क्षणभर तो सरळ झाला. डोळ्याखालचा डाग दिसला. मग हळूहळू पुन्हा कलंडला.

"आय सॉ दॅट," मुलगी म्हणाली.

"मीपण पाहिलं."

"गिव्ह हिम वन मोअर."

मी बशीकडे हात नेला. आणखी एक बरी की आणखी एक जास्त, हे सांगणारं त्या घरात कोणी नव्हतं. सासूबाईंनी बशी उचलून बाजूला ठेवली. "नको गं. आत्ता एवढं पुरे. जिरू दे." त्यांच्या तोंडून खाणाऱ्याला पुरे हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"व्हॉट इफ ही इज हंग्री?"

"असू दे भूक. भूक लागली म्हणजे चांगलंच."

तिच्या आईने तिला सकाळच्या शाळेची आठवण करून दिली. मुलगी पुन्हा आडवी झाली, पण डोळे उघडे ठेवून. "मावशी, डोन्ट हँग अप."

"नाही करत बंद."

"इव्हन इफ आय स्लीप."

"झोपलीस तरी."

मासा आडवा होता. कल्ला हलत होता. टॅब्लेटच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. सासूबाई उठल्या आणि चार्जर शोधायला आतल्या खोलीत गेल्या.